मानसोल्लासांतील मत्स्यविनोद : गळावरील आमिषाची निवड

कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत प्राचीन दक्षिणेंतील राजविनोदांविषयीं बोलत असतां आम्ही असें विधान केलें होतें कीं, कृत्रिम माशी गळास बांधून मासे धरण्याच्या ज्या कलेचा पाश्चात्त्य लोक एवढा अभिमान बाळगतात, ती कला कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें आपल्या मानसोल्लास ग्रंथांत आठ-नऊ शतकांपूर्वींच वर्णून ठेविली आहे. तें विधान श्रोत्यांना आवडलें; आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही आवडलें. त्या ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचा अध्याय आहे एवढें आम्हांस ठाऊक होतें. तो अध्याय आम्ही पदशः लाविला मात्र नव्हता. प्रस्तुत लेखाचा हेतु तें विधान तपासून पाहण्याचा आहे, व तपासाअंतीं जें निघालें तें या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचा आहे.

या तपासास निमित्त घडलें तें असें. आमचा एक जुना विद्यार्थी अनेक वर्षें स्कॉटलंडांत राहतो. गेल्या हिवाळ्यांत तो पुण्यास आला असतां कर्वेनगरांत आमच्या घरीं भेटावयास आला. येतांना त्यानें एक लहानशी पेटी बरोबर आणिली होती. ती उघडून दाखवीत तो म्हणाला, "सर, आपलें तें व्याख्यान मी ऐकलें होतें. तेथल्या माझ्या मित्रांना मी मोठ्या अभिमानानें तें सांगितलें. त्यांनीं विचारलें कीं, तुमच्या राजानें माशीचें अंग कशाचें करावें म्हणून सांगितलें आहे, व कोणत्या महिन्यांत कोणती माशी वापरावी ? तो श्लोक मला द्या." आमच्यापाशीं श्लोक नव्हता. "पाहून कळवितों" एवढेंच आम्ही त्यास म्हणालों. आणि चाळीस वर्षें मुलांना "आधार दाखव" म्हणून दटावणाऱ्या शिक्षकास त्या वेळीं जें वाटावयाचें तें आम्हांस वाटलें.

त्या पेटींत कापसाच्या पडद्यावर ओळीनें खोंचलेले कांहीं आंकडे होते. आंकडा म्हणजे गळाचें लोखंडी टोंक. त्याभोंवतीं लोंकर, रेशीम व पक्ष्यांचीं पिसें इतक्या नाजूक हातानें गुंडाळलेलीं कीं, दुरून पाहणाऱ्यास खरा किडाच बसला आहे असें वाटावें. त्यांतील बहुतेक करड्या, तपकिरी व काळसर रंगाच्या होत्या. भडक एकही नव्हती. याचें कारण विचारतां त्यानें जें सांगितलें तें आम्ही येथें थोडक्यांत देतों; कारण तें समजल्यावांचून सोमेश्वराचा ग्रंथ काय सांगतो व काय सांगत नाहीं याचा निर्णय करतां येत नाहीं.

ट्राउट हा थंड व वाहत्या पाण्यांतला मासा आहे. पाण्याची उष्णता २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊं लागली कीं तो अस्वस्थ होतो. डोंगरांतल्या नदींत तो एखाद्या दगडाच्या आडोशास, प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो, आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे किडे टिपतो. हे किडे बहुतेक जलांतच जन्मलेले असतात. महिनोन् महिने ते नदीच्या तळाशीं दगडांखालीं अळीच्या रूपानें राहतात. नंतर एके दिवशीं वर येतात, पंख पसरतात, आणि त्यांतल्या कित्येकांचें पंखधारी आयुष्य एक-दोन दिवसांतच संपतें. वसंताच्या आरंभीं, म्हणजे मार्च-एप्रिलांत, पाणी अजून फार थंड असतें. त्या वेळीं वर येणाऱ्या किड्यांच्या जाति थोड्या, आणि त्या बहुधा काळसर किंवा करड्या. तेही दुपारच्या उबेंत तास-दोन तासच वर येतात. बाकीचा सगळा वेळ मासा तळाशीं असतो. म्हणून जाणता मनुष्य नदीवर गेल्याबरोबर गळ टाकीत नाहीं. तो प्रथम उथळ पाण्यांतील दोन-चार दगड उलटून पाहतो, त्यांच्या पोटाशीं कोणत्या अळ्या चिकटल्या आहेत तें बघतो, आणि त्यांच्या आकाराची व रंगाची माशी पेटींतून निवडतो. सकाळीं जड, तळापर्यंत बुडणारी माशी घ्यावी. दुपारीं किडे वर येऊं लागले कीं पृष्ठाजवळची घ्यावी. बर्फ वितळून पाणी गढूळ झालें असेल तर मोठी व गडद, निवळ असेल तर लहान. एवढी सर्व निवड मासा जें पाहतो त्याच्या अनुरोधानें होते. लोंकरीला चव नाहीं व पिसांना पोषण नाहीं. तेथें सारा व्यवहार रूपाचा आहे.

या विद्येचा युरोपांतील इतिहास सुदैवानें लेखी आहे. इ. स. च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीस ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें ग्रीक भाषेंत प्राण्यांच्या स्वभावांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत मॅसिडोनियांतील अस्त्रेयस नदीवरचे लोक ठिपकेदार अंगाचे मासे कसे धरतात याचें वर्णन आहे. त्या नदीवर एक विशिष्ट माशी घोंगावते व मासे ती वर येऊन गिळतात. परंतु ती खरी माशी गळास लावण्याच्या कामीं येत नाहीं; कारण माणसाचा हात लागतांच तिचा रंग उडतो व पंख झडतात. म्हणून ते लोक आंकड्याभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळतात व तीस कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात. वाचकांनीं या कारणाकडे विशेष लक्ष द्यावें. कृत्रिम माशी ही केवळ चातुर्याच्या हौसेनें निघालेली नाहीं. मासा जें खातो तेंच गळास लावतां येईना, म्हणून त्याची प्रतिमा करावी लागली.

त्यानंतर इंग्लंडांत १४९६ सालीं विंकिन द वर्ड या मुद्रकानें गळाच्या विद्येवरील एक निबंध छापला. परंपरेनें तो जुलियाना बर्नर्स नामक एका मठवासिनी स्त्रीच्या नांवावर चालतो. तिचें कर्तृत्व मात्र सिद्ध झालेलें नाहीं. त्यांत बारा माशा महिन्यांच्या अनुक्रमानें दिल्या आहेत. मार्च महिन्यासाठीं दोन सांगितल्या आहेत, आणि त्या दोन्ही करड्या वर्गांतल्या : एकीचें अंग करड्या लोंकरीचें व पंख तित्तिराच्या पिसांचे, दुसरीचें अंग काळ्या लोंकरीचें व पंख काळ्याशा नर बदकाच्या पिसांचे. आमच्या विद्यार्थ्याच्या पेटींतल्या वसंतमाशांशीं हें वर्णन ताडून पाहतां पांचशें वर्षांत रंगाचा नियम फारसा बदललेला नाहीं असें दिसलें. पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, व १६७६ च्या आवृत्तींत चार्ल्स कॉटन यानें डोंगरी नद्यांवरील माशांचें महिनावार प्रकरण त्यास जोडलें. महिना, किडा, लोंकर व पीस अशी ही चौपदरी परंपरा आहे. आमच्याकडे ती होती असें म्हणावयाचें तर या चारांपैकीं निदान दोहोंचा तरी पुरावा आम्हांस दाखवितां आला पाहिजे.

आतां मानसोल्लासाकडे वळूं. तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, हा सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र. पित्याच्या दीर्घ कारकीर्दीनंतर तो ११२६ च्या सुमारास गादीवर आला व ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. त्याची राजधानी कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बीदर जिल्ह्याचें बसवकल्याण होय. ग्रंथांत ज्योतिषगणितासाठीं शके १०५१ हें वर्ष घेतलेलें आहे. त्यावरून रचनेचा काल इ. स. ११२९-३० च्या आसपास धरतात. अभिलषितार्थचिन्तामणि हें त्याचें दुसरें नांव. ग्रंथाच्या पांच विंशति असून प्रत्येकींत वीस अध्याय आहेत : राज्य कसें मिळवावें, तें स्थिर कसें करावें, त्याचे उपभोग कोणते, विनोद कोणते, आणि क्रीडा कोणत्या. मराठी वाचकांस हा ग्रंथ परका नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात ही नोंद याच ग्रंथांत आहे, व ओवीच्या प्राचीनतेचा प्रश्न निघाला कीं ती पुढें येते. ग्रंथाची छापील प्रत बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांच्या संपादनानें निघाली : पहिला भाग १९२५ सालीं, दुसरा १९३९ सालीं, व तिसरा १९६१ सालीं. मत्स्यविनोद हा चौथ्या म्हणजे विनोदविंशतींतील अध्याय दुसऱ्या भागांत येतो. श्येनविनोद त्याच्या आधीं व मृगया त्याच्या नंतर, म्हणजे ससाण्याची शिकार आणि रानांतली शिकार यांच्यामध्यें त्याचें स्थान आहे.

या अध्यायाचा अभ्यास पूर्वीं झालेला आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक व मत्स्यशास्त्राचे थोर अभ्यासक सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्याचें विवेचन केलें. पुढें २००५ सालीं डॉ. नलिनी साधले व डॉ. य. ल. नेने यांनीं मत्स्यविषयक श्लोकांचें इंग्रजी भाषांतर टीपांसह प्रसिद्ध केलें. व्याख्यान देण्यापूर्वीं आम्ही या दोहोंपैकीं एक जरी पाहिलें असतें तरी ही फजिती टळली असती.

अध्यायाची मांडणी शिस्तीची आहे. प्रथम माशांच्या जाति सांगितल्या आहेत. त्या समुद्रांतल्या कीं नदींतल्या, खवल्यांच्या कीं बिनखवल्यांच्या, मोठ्या, मध्यम कीं लहान, असे विभाग केले आहेत. नंतर त्यांचें अन्न येतें : कोणत्या माशास काय घालावें म्हणजे तो पुष्ट होतो व एका जागीं राहतो. त्यांत पिठाचे व भाताचे गोळे आहेत, मांसाचे तुकडेही आहेत. त्यानंतर दोरी, काठी व गळ यांचा विचार. आणि शेवटीं मासा लागल्यावर त्यास खेळवून ओढावा कसा याची रीत. म्हणजे आमिषाची निवड या विषयाला सोमेश्वर अगदीं सोडीत नाहीं. उलट तो त्यावरच भर देतो. माशाची जात बदलली कीं आमिष बदललें पाहिजे हा त्याचा मूलभूत नियम आहे, आणि जातीजातींचा आहार पाहिल्यावांचून असा नियम कोणास बांधतां येणार नाहीं. सदर ज्ञान राजवाड्यांत बसून मिळण्यासारखें नव्हे. तें नदीवर राहणाऱ्या धीवरांपासूनच मिळालें असलें पाहिजे, असें आमचें अनुमान आहे.

परंतु लोंकर व पिसें यांची माशी तेथें नाहीं. आम्ही अध्याय प्रथमपासून अखेरपर्यंत दोनदां वाचला. महिन्यांचा क्रम नाहीं, किड्यांची निवड नाहीं, प्रतिमा करण्याची सूचना नाहीं. जें आमिष आहे तें सर्व खाण्याजोगें खरें अन्न आहे. तात्पर्य, आमचें विधान निराधार होतें, व तें आम्ही या लेखानें मागें घेतों.

विधान मागें घेतलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. सोमेश्वरासारख्या बारीक नजरेच्या ग्रंथकारानें ही गोष्ट कां सांगितली नसावी, हा प्रश्न उरतोच. त्यास ठाऊक नव्हती म्हणून सांगितली नाहीं, एवढें उत्तर खरें असलें तरी अपुरें आहे. आमच्या मतें त्याचें कारण नदींत व माशांत आहे. दख्खनची नदी पावसाळा ओसरल्यावर हळूहळू बारीक होते, आणि फाल्गुन-चैत्रांत ती डोहाडोहांची मालिका बनते. तेथील मोठे मासे बहुतेक रोहू-महासीर यांच्या कुळांतले किंवा शिंगाळ्यांच्या वर्गांतले असून त्यांतल्या पुष्कळांच्या तोंडाशीं मिशा असतात. या मिशा स्पर्शाच्या व चवीच्या इंद्रियांचें काम करतात. संथ डोहांत तळाशीं चरणाऱ्या माशास घाई नसते. तो वास घेतो, चव पाहतो, आणि मग गिळतो. अशा माशास लोंकरीनें फसविणें कठीण, व पिठाच्या गोळ्यानें वश करणें सोपें. शिवाय पिठाचा गोळा गळास लावतां येतो. मॅसिडोनियांतल्या माशीप्रमाणें तो हात लागतांच नासत नाहीं. म्हणजे ज्या अडचणींतून तेथें कृत्रिम माशी जन्मली ती अडचणच येथें नव्हती. उलट ट्राउट वेगवान प्रवाहांत राहतो. समोरून गेलेला किडा पुन्हा येत नाहीं. त्यास क्षणांत निर्णय करावा लागतो, आणि तो निर्णय डोळ्यांनींच होतो.

येथें एक पाठभेद मनांत आल्यावांचून राहत नाहीं. उद्योगपर्वांतील विदुरनीतींत गळ गिळणाऱ्या माशाचा दृष्टांत आहे : उत्तम भक्ष्यानें झांकलेला लोखंडी बडिश मासा गिळतो व परिणामाकडे पाहत नाहीं. आम्ही शाळेंत हा श्लोक शिकविला तेव्हां प्रचलित प्रतींतला "लोभाभिपाती" हा पाठ घेऊन शिकविला. म्हणजे लोभानें झडप घालणारा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत, जिचें उद्योगपर्व सुशीलकुमार दे यांनीं १९४० सालीं संपादिलें, तेथें "रूपाभिपाती" असा पाठ स्वीकारलेला आहे; म्हणजे रूप पाहून झडप घालणारा. हा पाठ पाहतांच आमच्या विद्यार्थ्याचें मन उचंबळलें. पत्रानें आम्ही त्यास तो कळविला होता, त्याचें उलट उत्तर आलें कीं, "सर, मग आपलेंच खरें ठरलें, रूपावर झेंप घेणारा मासा म्हणजे माशीचाच मासा!" त्याचा आनंद मोडणें आमच्या जिवावर आलें, पण मोडणें भाग होतें. कारण त्याच श्लोकांत गळ भक्ष्यानें झांकलेला आहे असें स्पष्ट सांगितलें आहे. रूप आहे तें भक्ष्याचें. तेथें प्रतिमा नाहीं. त्या पाठावरून एवढेंच निघतें कीं, मासा डोळ्यांनींही फसतो हें प्राचीनांनीं पाहिलें होतें. निरीक्षण होतें, त्यावर रचलेली कला होती असा पुरावा नाहीं. या दोहोंमधील अंतर न राखल्यानें आमच्या देशांत पुष्कळ संशोधनाची हानि झालेली आहे, व त्यांत आमचाही वांटा आहे हें आम्ही वर कबूल केलेंच आहे.

शब्दांचा विचार केला तरी हेंच दिसतें. अमरकोशांत धीवर, जाल व बडिश हे शब्द आहेत. गळाच्या अन्नास संस्कृतांत आमिष म्हणतात. आमिष याचा मूळ अर्थ मांस. त्यावरून गळास लावलेला मांसाचा तुकडा. आणि त्यावरून कोणताही मोह. मराठींत "आमिष दाखविणें" व "गळास लागणें" हे दोन्ही वाक्प्रचार आज कचेऱ्यांत आणि निवडणुकींत जितके चालतात तितके नदीवर चालत नाहींत. परंतु कृत्रिम माशीस आमच्या भाषेंत स्वतंत्र शब्द नाहीं. ज्या वस्तूस शब्द नाहीं ती वस्तु नव्हतीच असें म्हणणें धाडसाचें. पण ती रूढ होती असें म्हणणें त्याहून धाडसाचें होय.

ट्राउट मासा हिंदुस्थानांत आला तो इंग्रजी अमदानींत, आणि तोही थंड पहाडांत. काश्मिरांत १९०० सालीं ब्रिटनहून आणलेलीं अंडीं जगलीं व तेथील नद्यांत त्याची वस्ती झाली. निलगिरीवर त्याच दशकांत त्याची दुसरी जात रुजली. सह्याद्रीच्या नद्या त्यास मानवणाऱ्या नव्हेत. म्हणून दक्षिणेंतील इंग्रज शिकारी महासीराकडे वळले. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळावर एक पुस्तक लिहिलें, व तें त्या लोकांत प्रमाण मानलें गेलें. विशेष हें कीं, माशी, चमचा वगैरे विलायती साधनें हाताशीं असतांही कावेरीवर महासीर धरण्यास शेवटीं नाचणीच्या पिठाचा गोळाच उत्तम ठरला. सोमेश्वराच्या पिठाच्या गोळ्याची ही साक्ष सातशें-आठशें वर्षांनीं परकीयांकडून मिळाली आहे. प्रत्येक नदी आपलें आमिष आपण ठरविते, हेंच यावरून म्हणावयाचें.

आमच्या नद्यांचें पंचांगही निराळें आहे. स्कॉटलंडांतला वसंत किड्यांवरून ओळखावा. आमचा मत्स्यकाल पाण्यावरून ओळखतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला कीं मासे प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात; त्यांस चढणीचे मासे म्हणतात, आणि उत्तर कोंकणांत या हंगामास वलगण असें नांव आहे. त्या दिवसांत गळापेक्षां जाळें व हात यांचेंच राज्य असतें. गळाचा काळ पाणी निवळल्यावर, डोह स्थिर झाल्यावर. सोमेश्वरानें माशांना एका जागीं अन्न घालून संवय लावण्यास जें महत्त्व दिलें आहे तें डोहाच्या नदींतच शक्य आहे.

या संवयीचें एक सुंदर रूप महाराष्ट्रांत अजून दिसतें. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नांवाचा डोह आहे. ठाण्याच्या जुन्या हद्दींत, आजच्या पालघर जिल्ह्यांत, वाडे तालुक्यांत वैतरणेवर तिळसें येथें शिवाचें देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणीं महासीर जातीचे मासे देवाचे म्हणून राखले जातात. यात्रेकरू त्यांना खाद्य टाकतात व मासे हांकेच्या अंतरावर येतात. मत्स्यविनोदांतील पहिली पायरी येथें जशीच्या तशी आहे : अन्न घालावें, संवय लावावी, मासा जवळ आणावा. दुसरी पायरी, म्हणजे अन्नांतला गळ, तेवढी लोकांच्या श्रद्धेनें गाळून टाकिली आहे.

माशांच्या नांवांचा प्रश्न मात्र याहून बिकट आहे, आणि आमच्या मतें खरें काम तेथें उरलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पाठीन, रोहित, राजीव व सिंहतुंड हीं नांवें येतात. मानसोल्लासांत तर याहून पुष्कळ अधिक आहेत, आणि त्यांतलीं कांहीं संस्कृत नसून देशी दिसतात. त्यांचा आज कोणत्या माशाशीं मेळ बसवावा याविषयीं विद्वानांतही एकवाक्यता नाहीं. असा मेळ कोशांवरून बसत नाहीं. त्याला बोलीभाषेंतलीं नांवें लागतात, आणि तीं नदीवर राहणाऱ्या भोई-कोळ्यांच्या तोंडीं असतात.

तीं नांवें एकदां तरी काळजीपूर्वक टिपलीं गेलीं, आणि टिपणारा परकीय होता. विल्यम हेन्री सायक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ ते १८३१ पर्यंत दख्खनांत फिरला. येथील माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढें आला व १८४१ सालीं सचित्र छापला गेला. त्यानें माशांस लॅटिन शास्त्रीय नांवें देतांना दुसरा शब्द कित्येकदां येथील लोकांच्या तोंडचा घेतला. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, नुक्ता, बोग्गट, सींघाला, टाक्री हीं नांवें त्यामुळें जगभरच्या प्राणिशास्त्रांत शिरलीं. दख्खनी महासीर आज टोर खुद्री म्हणून ओळखला जातो. त्याचा जो नमुना सायक्सनें वर्णिला तो पुण्याच्या पूर्वेस सुमारें ८ मैलांवर मुळामुठेंत मिळालेला होता. म्हणजे आमच्याच नदीच्या पाण्यांतला एक शब्द, कोणा अनाम भोयानें उच्चारलेला, लॅटिन ग्रंथांत सुरक्षित आहे. आणि मराठी कोश उघडून तो शोधूं जावें तर निराशाच पदरीं येण्याचा संभव अधिक.

आम्ही राहतों तें कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९०० सालीं आपला आश्रम येथें आणिला तेव्हां हें शहराबाहेरचें माळरान होतें. गांवाच्या कडेनें मुठा वाहते; पलीकडील तीरावर हिंगणें खुर्द. वर खडकवासल्याचें धरण १८७९ मध्यें पुरें झालें, आणि त्यानंतर नदींत किती पाणी सोडावें हें पर्जन्यापेक्षां मनुष्यच अधिक ठरवूं लागला. धरणाच्या भिंतीनें चढणीच्या माशांची वाट अडली. पुढें शहराचें सांडपाणी आलें. आज या पात्रांत महासीराची अपेक्षा कोणी करीत नाहीं. विद्यार्थ्यास घेऊन आम्ही एके सायंकाळीं नदीकांठीं गेलों होतों. संवयीप्रमाणें त्यानें पाण्यांतला एक दगड उलटून पाहिला. त्याच्या डोंगरी नदींत अशा दगडाखालीं वसंतांतल्या माशीची अळी असावयाची. येथें काळा चिखल व त्यांत वळवळणारे तांबडे किडे होते. प्राणवायु संपत आलेल्या पाण्यांतही जे तग धरतात त्यांपैकीं ते होत, असें तो म्हणाला, आणि दगड होता तसा ठेवून त्यानें हात पुसले. त्या वेळीं त्यानें श्लोक मागितला नाहीं, व आम्हीही कांहीं बोललों नाहीं.

लोणावळ्यानजीक वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून महासीराची कृत्रिम पैदास चालविली, आणि तेथील पिलें अनेक जलाशयांत सोडलीं गेलीं. मासा अशा रीतीनें जगवितां येतो. पण त्याचें नांव, त्याचा आहार, कोणत्या डोहांत तो कोणत्या महिन्यांत असे, ही माहिती पिलांबरोबर पेटींत भरून पाठवितां येत नाहीं. ती ज्यांच्यापाशीं होती ते लोक नदी सोडून दुसऱ्या धंद्यांस लागले आहेत.

तेव्हां निष्कर्ष असा. कृत्रिम माशीची कला मानसोल्लासांत नाहीं. ती तेथें आहे असें आम्ही म्हणालों ती चूक होती. त्यांत जें आहे तें वेगळें व आपल्या परीनें मोलाचें आहे : माशाच्या जातीप्रमाणें आमिष निवडण्याचा नियम, अन्नानें संवय लावण्याची रीत, आणि बाराव्या शतकांतील दख्खनी माशांची नामावलि. जें आमचें नाहीं त्यावर हक्क सांगण्यांत आम्ही जो वेळ घालविला, तो जें आमचें आहे तें लावून घेण्यांत घालविला असता तर बरें झालें असतें. या त्रैमासिकाच्या वाचकांस आमची विनंती आहे कीं, भीमा, नीरा, कृष्णा, गोदावरी यांच्या कांठीं ज्यांचे संबंध असतील त्यांनीं तेथील वृद्ध भोई-कोळ्यांकडून माशांचीं नांवें, त्यांचें खाद्य व सांपडण्याचे महिने टिपून ठेवावे. पुरावा म्हणून ताम्रपटास आपण जो मान देतों तोच या टिपणांसही द्यावा.

विद्यार्थ्यास आम्ही या लेखाची प्रत पाठवीत आहों. त्यानें त्या पेटींतली एक करडी माशी जातांना आमच्या मेजावर ठेविली होती. ती आम्ही मानसोल्लासाच्या दुसऱ्या भागांत, मत्स्यविनोदाच्या पानाशीं, खूण म्हणून घातली आहे. इत्यलम्.